सगळ्यात सपाट जागा

“ऊन कुठल्या बाजूनं आहे?”

औटी सरांनी विचारलं आणि वैजयंती ढाकणेला हसू आलं. नकाशाची गुंडाळी अजून पुरती उलगडलीसुद्धा नव्हती.

“डावीकडून, सर. खाली उतरलेलं. दुपार कलल्यावरचं.”

“तिथली दुपार?”

“तिथलीच. मंगळावरची.”

सर खुर्चीत मागे टेकले. “मग चालेल. सावल्या लांब असतील. सांग आता.”

सांगण्यावाचून इलाज नव्हता. औटी सरांना दिसत नव्हतं.

दिगंबर औटींनी सारी हयात नगरच्या एका कॉलेजात भूगोल शिकवण्यात घालवली होती. त्यातही त्यांचा खरा जीव एकाच गोष्टीत. विमानातून घेतलेले जमिनीचे फोटो वाचणं. एकाच जागेचे दोन फोटो ते शेजारी शेजारी मांडायचे, वर दोन भिंगांची चौकट ठेवायचे आणि पोरांना म्हणायचे, बघा. वाकून बघावं तो सपाट कागदातून डोंगर उठून नाकाशी यायचा. नवी पोरं दचकून मागे सरायची. सर हसायचे नाहीत. ते पहिलं हेच विचारायचे, ऊन कुठल्या बाजूनं आहे? उन्हाची बाजू चुकली तर फोटोत खड्ड्याची टेकडी होते आणि टेकडीचा खड्डा.

दुसरा प्रश्न असायचा, काय दिसतं?

“नदी,” कुणीतरी म्हणायचं.

“नदी दिसत नाही. एक काळपट वळण दिसतं. नदी तू म्हणतोस.”

अशा माणसाचे डोळे काचबिंदूनं खाल्ले. आधी कडा गेल्या, मग मधलंही गेलं. नोकरी संपल्यावर ते पारनेरकडच्या आपल्या गावी, माळाच्या तोंडाशी असलेल्या दोन खोल्यांच्या घरात येऊन राहिले. बरोबर बायको होती, कमलकाकू. पुढे काकू गेल्या. विद्यार्थी आधी येत, मग गुरुपौर्णिमेला फोन करत, मग मोबाइलवर फुलांची चित्रं पाठवू लागले. ती सरांना दिसायची नाहीत. आता गावातल्या हौसाबाई दोन वेळचं करून ठेवायच्या, तेवढाच माणसाचा आवाज घरात व्हायचा.

वैजयंती ही त्यांची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. हे सर कधी म्हणाले नव्हते. तिला मात्र ते माहीत होतं, आणि आपल्याला माहीत आहे हे ती लपवायचीही नाही. पाथर्डीच्या बाजूची पोर, दूरच्या शहरातल्या मोठ्या संशोधन केंद्रात गेली. मंगळाभोवती फिरणारं यान तिथल्या जमिनीचे फोटो पाठवायचं आणि ते वाचून नकाशा काढणाऱ्या गटाची ती प्रमुख होती. एक दरी तिनं अशी धुंडाळली होती की नव्यानं आलेली पोरं तिच्यामागे तिला ‘दरीची मालकीण’ म्हणायची. तिच्या कानावर आलं होतं. तिनं रागावल्यासारखं केलं होतं, पण मनातून सुखावली होती.

काकू गेल्या तेव्हा तिला येता आलं नव्हतं. यान नेमकं त्याच दिवसांत मंगळाच्या कक्षेत शिरत होतं. त्यानंतर यायचं राहूनच गेलं.

आज ती एकटीच गाडी चालवत आली. सर पडवीत बसले होते, डावा हात प्लास्टरमध्ये, तोंड माळाकडे. पावलं वाजताच त्यांनी विचारलं, “कोण?”

“ओळखा.”

सर काही क्षण थांबले. “ढाकणे,” म्हणाले. “बस.”

एवढंच. इतके दिवस कुठे होतीस वगैरे काही नाही. तिला थोडं लागलं. मग तिनं पडवीतल्या फरशीवर त्या दरीचा नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले आणि सांगायला सुरुवात केली.

“वरच्या अंगाला उंचवटा आहे. कडा झिजलेल्या. तिथून एक घळ खाली उतरते. नागमोडी... म्हणजे मधे एका जागी दोन घळी झाल्यासारख्या वाटतात. पहिली दुसरीला कापते की दुसरी पहिलीला, ते... सावली आहे तिथं. नाही सांगता येत.”

“हं.”

“घळ सपाटीवर आली की पंख्यासारखा गाळ पसरलाय.”

“पंखा कुणी पाहिला?”

ती ओशाळली. इतक्या वर्षांनी, सहकाऱ्यांसमोर कधी न ओशाळणारी ती, एका आंधळ्या म्हाताऱ्यासमोर ओशाळली.

“वर निमुळता, खाली रुंद असा फिकट आकार आहे. खालच्या कडेला पदर सुटलेत. तीन. चौथा आहे, पण तो... तो नंतरचा असावा. खात्री नाही.”

“आणि दगड?”

“आहेत. काही एसटीएवढे. उतारावरून घरंगळले असावेत. एकाच्या मागं माग दिसतो. बाकीच्यांच्या मागं दिसत नाही. का दिसत नाही, ते... वाऱ्यानं पुसला असेल. किंवा ते मुळात तिथंच असतील.”

सरांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. फार दिवसांनी चांगलंचुंगलं खायला मिळालेल्या माणसासारखे ते ऐकत होते. मान जरा पुढे. बोटं प्लास्टरच्या कडेवर सावकाश फिरत.

तेवढ्यात हौसाबाई चहा घेऊन आल्या. फरशीवरच्या तांबूस कागदाकडे बघून म्हणाल्या, “ह्ये कुठलं रान म्हणायचं?”

“मंगळावरचं,” वैजयंती म्हणाली.

“पत्रिकेतला मंगळ?”

“तोच.”

“मंग हितं ऱ्हातं कोण?”

“कुणी नाही.”

“कुणीच न्हाई? ... बाई गं.” हौसाबाईंनी नकाशाला पाय लागू नये म्हणून वळसा घातला, कप सरांच्या हातात नीट दिला आणि त्या घरी गेल्या.

“पुढं,” सर म्हणाले.

“गाळाच्या पूर्वेला मैदान आहे. बारीक, मऊ वाळूचं, दगडगोट्यांपासून अगदी मोकळं. उत्तर-दक्षिण एकसारखं पसरलेलं. वाळूवर वाऱ्याच्या नाजूक लहरी आहेत, सगळ्या एकाच दिशेनं जाणाऱ्या. उतार जवळजवळ नाहीच. मैदान ओलांडलं की पुन्हा खडकाळ भाग लागतो. तिथं जरा गोंधळ आहे, सर. मोठी विवरं आहेत, पण एकाची कड...”

“थांब.”

ती थांबली.

“त्या मैदानाचं परत सांग.”

तिनं परत सांगितलं. बारीक, मऊ वाळूचं. दगडगोट्यांपासून अगदी मोकळं. उत्तर-दक्षिण एकसारखं पसरलेलं.

माळावरून वारा येत होता आणि नकाशाची मोकळी कड फरशीवर फडफडत होती.

“ढाकणे,” ते म्हणाले, “घळीशी तू अडखळलीस. गाळाशी अडखळलीस. दगडांशी तर बसूनच राहिलीस.”

“हो, सर.”

“मैदानावरून मात्र घसरत गेलीस.”

“सपाट आहे म्हणून, सर.”

“हा समोरचा माळ कसा आहे?”

तिनं वर पाहिलं. “सपाट.”

“रस्त्यावरून येणारे सगळे हेच म्हणतात.”

तिनं पुन्हा पाहिलं. माळाला पाठी होत्या, पोटं होती. मुरमाचे उंचवटे, मधूनच उघडा पडलेला काळा खडक, ओघळींच्या चिरा, वाळक्या कुसळाचे पुंजके. एका जागीही सलग नजर ठरेना.

सरांनी उजवा हात पुढे केला. “बोट ठेव माझं. त्या मैदानावर.”

तिनं त्यांचा हात धरला. हाडं हाताला लागत होती. खाली वाकून तिनं त्यांची तर्जनी नकाशावर टेकवली.

सरांनी बोट सावकाश फिरवलं.

“गुळगुळीत आहे.”

“सर, कागद आहे तो. सगळीकडेच गुळगुळीत लागेल.”

“हो. कागदच आहे.”

त्यांनी बोट उचललं नाही. वैजयंतीला एकाएकी ते बोट तिथून काढून टाकावंसं वाटलं.

“त्या जागेचा फोटो आलेला नाही,” ती म्हणाली.

सरांनी बोट मागं घेतलं.

“यान एका फेरीत एक पट्टी टिपतं. शेतात नांगराचं तास जातं ना, तसं. एका तासाशेजारी दुसरं. ती एक पट्टी टिपली गेली, पण इकडे पोचलीच नाही. वाटेत बिघडली. पुढच्या वेळी यान त्या जागेवर आलं की परत घेऊ म्हणालो. आणि त्याआधीच...”

“यान बंद पडलं.”

“गप्प झालं. फिरत असेल अजून. आम्ही हाका मारल्या, खूप दिवस मारल्या. उत्तर नाही.”

“मग मैदान कुठून आलं?”

“जुन्या एका यानाचा फोटो होता त्या भागाचा. फार ढोबळ. त्यात तिथं एक फिकट डाग दिसतो, बस. बाकी दोन्ही बाजूंची जमीन बघून... लहरींची दिशा बघून... मी भरलं. अंदाजानं.”

“तसं लिहिलंस?”

“नाही.”

तिनं घाईघाईनं पुढं सांगितलं, “सर, हा असातसा अंदाज नाहीये. इतकी वर्षं मी त्या दरीत आहे. जगात दुसरं कुणी नाही ज्याला ती दरी एवढी माहीत आहे. डोळे मिटून फिरेन मी तिथं. माझ्या घरासारखी आहे ती.”

सरांनी प्लास्टरमधला हात मांडीवरून थोडा वर उचलला.

“हा घरातच मोडला.”

“... कसा?”

“हौसाबाईंनी पिठाचा डबा जरा पुढं सरकवला होता. अंगणात, रस्त्यावर मी काठी टेकत जातो. घरात कशाला टेकू?”

वैजयंतीनं तोंड फिरवलं. माळावर दूर एक वावटळ उठली होती. पाचोळा गरागरा फिरवत ती थोडी चालली आणि मोडली.

“त्या मैदानाचं काय करणार आहेत?” सरांनी विचारलं.

हा प्रश्न येऊ नये असं तिला वाटत होतं.

“पुढच्या मोहिमेचं यान तिथं उतरवायचं घाटतंय.”

“तिथंच का?”

“कारण...” तिचा आवाज उतरला. “कारण सगळ्या नकाशात ती सगळ्यात सपाट जागा आहे.”

चहा निवून गेला. पत्र्यावर चिमण्यांची पावलं वाजत होती, ती तेवढी ऐकू येत होती.

“एका पोरानं शंका काढली होती गटातल्या,” ती आपण होऊन म्हणाली. “मैदान फारच एकसारखं दिसतंय म्हणाला. मी त्याला सगळ्यांदेखत गप्प केलं. फोटो वाचायला औटी सरांकडे शिकलेय मी, असं म्हणाले.”

सर हसले की काय ते तिला कळलं नाही.

“का भरलंस तू?” त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. तिथं उतार कुठल्या दिशेला आहे, असं विचारावं तसं त्यांनी विचारलं.

“नकाशा अपुरा दिसत होता म्हणून.”

“आत्ताही अडखळली नाहीस.”

ती फरशीवर मांडी घालून बसली, कॉलेजात प्रयोगशाळेच्या जमिनीवर फोटो पसरून बसायची तशी. बोलायला लागली तेव्हा शब्द सुटे सुटे येत होते.

“यान गप्प झालं त्या दिवशी... सगळे होते हॉलमध्ये. आधी सगळेच थांबले. मग एकेक जण उठून गेला. कुणाची मुलं घरी होती, कुणाला गाडी गाठायची होती. मी बसून राहिले. मला... कुठं जायचं होतं? घरी कुणी नाही, सर. नाही म्हणजे... लग्न झालं होतं. तो दोन वर्षं राहिला. चांगला होता. त्याला मंगळाचं कौतुकही होतं. मग म्हणाला, तू इथं नसतेसच. भांडला नाही. सामान घेऊन गेला, किल्ली टेबलावर ठेवून.”

सर ऐकत होते.

“रोज सकाळी नवे फोटो आलेले असायचे. चहा घेत मी ते उघडायचे. दुसरं कुणी बघायच्या आधी. कधी कुणी न पाहिलेली जमीन... आणि मी एकटी. मला एकटं वाटायचं नाही तेव्हा. खरंच नाही. यान गप्प झालं आणि मग...”

ती थांबली. सरांनी घाई केली नाही.

“नकाशा घरी भिंतीवर लावला होता. ती पट्टी काळी होती त्यात. जेवताना समोर तीच. बाहेरून आलं, कुलूप उघडलं की तीच. माझ्याकडं कुणीतरी पाठ करून उभं आहे असं वाटायचं. एका रविवारी बसले आणि भरून टाकली. छान झाली. कुठं भरलंय ते शोधूनही सापडलं नसतं. त्या दिवशी मला... झोप लागली, सर.”

वारा पडला होता. उन्हं पडवीच्या खांबापर्यंत सरकली होती.

“कमल गेल्यावर,” सर म्हणाले, “मी तिच्याशी बोलायचो.”

वैजयंतीनं वर पाहिलं.

“उत्तरंही मीच द्यायचो. तिच्या आवाजात. मनातल्या मनात आधी, मग मोठ्यानं. छान जमायचं आमचं. ती होती तेव्हा कधी इतकं जमलं नव्हतं.”

“मग?”

“मग बंद केलं.”

“का, सर?”

सरांनी तोंड माळाकडे वळवलं. डोळे उघडे होते आणि ऊन सरळ त्यांत शिरत होतं.

“ती असं बोलली नसती.”

वैजयंतीला काकू आठवत होत्या. जाड आवाजाच्या, तोडून बोलणाऱ्या. पोरं घरी आली की आधी नवऱ्यावर खेकसायच्या आणि मग पोरांना थालीपीठ वाढायच्या. सरांचं एकही वाक्य त्या सरळ पुरं होऊ द्यायच्या नाहीत.

“आता घरात काय असतं?” तिनं हळूच विचारलं.

“काही नसतं.”

“... जमतं?”

“नाही,” सर म्हणाले.

दोघं तसेच बसून राहिले. लांबून कुणीतरी शेळ्यांना हाक घालत होतं.

थोड्या वेळानं ती उठली.

“इथं फोन लागतो का, सर?”

“टाकीपाशी. माळावर, उजव्या हाताला. खाली बघून जा.”

ती खाली बघून गेली. तरी दोनदा ठेचकाळली. पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभं राहून तिनं यान उतरवायची जागा ठरवणाऱ्या समितीच्या अध्यक्षांना फोन लावला. ते कुठल्या तरी समारंभात असावेत, मागे सनई वाजत होती. तिनं सांगायचं ते मनाशी जुळवून ठेवलं होतं, शास्त्रीय भाषेत, कुठंही उणं न वाटेल असं. “हॅलो” म्हटल्यावर त्यातलं एकही वाक्य तिच्या तोंडून आलं नाही.

“त्या मैदानात काय आहे ते मला माहीत नाही,” ती म्हणाली.

“म्हणजे? मला समजलं नाही, मॅडम.”

“तिथला फोटो नाहीये आपल्याकडे. मी भरलंय ते. मनानं.”

सनई वाजत राहिली. मग ती एकदम लांब गेली. ते बाहेर आले असावेत.

“मॅडम, हे तुम्ही आत्ता सांगताय?”

“हो.”

“याचा अर्थ कळतोय तुम्हाला?”

“कळतोय.”

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. सगळं लेखी पाठवा, आणि तोवर गटातल्या कुणाशी बोलू नका, एवढं म्हणाले. नेहमी ते फोन ठेवताना तिच्या तब्येतीची चौकशी करत. आज केली नाही.

ती टाकीच्या कट्ट्यावर बसली. समोर माळ पसरला होता, आणि ऊन उतरल्यामुळे त्याची एकेक चीर, एकेक दगड आपापली सावली धरून वर आला होता. गटातल्या त्या पोराचा चेहरा तिला आठवला. शंका काढताना तोही अडखळला होता. तिनं त्याचं नाव फोनवर शोधलं. मग बोलायचं नाही असं सांगितलंय, हे आठवून फोन पर्समध्ये टाकला. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. नुसतं सगळं थंड थंड झालं.

परतली तेव्हा सर होते तसेच बसले होते. पावलं ऐकून त्यांनी मान वळवली.

“सांगितलं,” ती म्हणाली.

“हं.”

“जागा बदलतील बहुतेक. मोहीम लांबेल. नकाशा दुसऱ्या कुणाकडे देतील. माझ्याशी... काही दिवस तरी कुणी बोलणार नाही.”

सरांनी पायानं शेजारचं स्टूल चाचपलं आणि तिच्याकडे सरकवलं. ती त्यावर बसली. आता दोघांचीही तोंडं माळाकडे होती.

“पट्टी पुन्हा काळी करून पाठवीन,” ती म्हणाली. “होती तशी.”

“कर.”

तिनं कोपऱ्यांवरचे दगड काढायला हात घातला आणि एका दगडावर तो तसाच ठेवून ती थांबली.

“सर, एक सांगायचं राहिलं. खरं तर तेच सांगायला आले होते मी. आल्या आल्या सांगणार होते.”

सर वाट बघत राहिले.

“यान कुठं उतरवायचं ते ठरत आलं की त्या जागेला आमच्या गटात एक नाव पडतं. कागदोपत्री नसतं ते, आपापसातलं. पण तेच पुढं चालतं. त्या मैदानाला... मी सुचवलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.” तिनं हाताखालचा दगड उचलला. “औटी मैदान म्हणतो आम्ही त्याला.”

सरांचा हात प्लास्टरच्या कडेवर होता, तो तिथंच राहिला. त्यांच्या चेहऱ्याकडे ती बघत होती, पण तिला त्यावर काही वाचता येईना. पहिल्यांदाच ती अंदाज न करता नुसती बघत राहिली.

“आता तिथं नुसतं काळं असेल,” ती म्हणाली. “काळ्यावर काळी अक्षरं. तुमचं नाव दिसणार नाही, सर.”

माळावरचं ऊन टाकीच्या पलीकडे गेलं. पडवीत गारवा आला. सर खुर्चीत जरा सावरून बसले.

“मग राहू दे नाव तिथंच.”